वच्छे, तुला वाळत घातले

तुझी ट्रंक उघडली की आधी समुद्र बाहेर यायचा. दिवाळीला तू मुंबईहून मलकापूरला माहेरी आलीस की हातपाय धुण्याआधी ओसरीवरच कुलूप काढायचीस, आणि लुगड्यांच्या घड्यांतून तो वास उठायचा: बुरशीचा, खारावलेल्या लाकडाचा, शेजारणीच्या सज्ज्यात टांगलेल्या बोंबलांचा, आणि या सगळ्यांच्या तळाशी कधीच पुरते न वाळलेल्या कापडाचा गोडसर, किंचित आजारी दर्प. माय नाकाला पदर लावायची. मी गुडघे टेकून त्या ट्रंकेवर ओणवी व्हायचे. समुद्र मी तेव्हा पाहिलेला नव्हता. तो मला आधी तुझ्या लुगड्यांतून कळला.

"अक्का, नाक काढ तेच्यातून, नाहीतर तुले बी सर्दी होईन," तू म्हणायचीस. मग मायकडे वळायचीस. "तुये पापड तिथं चार दिवसांत पोळीसारखे मऊ पडतेत, माय. तुये जावई तेच्यात भाजी गुंडाळून खातेत."

"खोटारडी!"

"तुयी शप्पथ. मीठ तं बरनीतल्या बरनीत रडते. काडी घासली तं पेटत नाही. शेजारनीच्या चुलीतला निखारा मागून आनावा लागते, अन् ते बाई निखाऱ्यासंगं साऱ्या चाळीच्या चुगल्या फुकट देते."

माय हसत असे, मी हसत असे, आणि तू आमच्या दोघींहून जास्त हसत असायचीस.

वच्छे, तू गेल्याची तार बिकानेरहून आली, त्याला अजून पंधरवडा झालेला नाही. लोक येतात, ओसरीवर टेकतात, तुझे वय विचारतात, उसासतात आणि पाणी पिऊन जातात. त्यांना सांगता येत नाही ते मी तुला सांगते आहे. या घरात माझे बोलणे शेवटपर्यंत ऐकून घेणारी तूच होतीस, आणि ऐकून झाल्यावर चेष्टा करणारीही तूच. शास्त्रीबुवांकडून वृत्ते शिकून मी पहिल्यांदा काही रचले, तेव्हा तू गालावर हात ठेवून सगळे ऐकलेस आणि विचारलेस, "अक्का, तुया कवितेतल्या बाया निस्त्या पानी भराले जातेत. भांडे कोन घासते वं?" त्यानंतर माझ्या प्रत्येक ओळीला मी आधी हाच प्रश्न विचारला. कोणत्याही शास्त्र्याने मला याहून अधिक शिकवले नाही.

त्या शेवटच्या दिवाळीला मात्र ट्रंकेशी बसून तू हसू लागलीस आणि हसण्याच्या मधोमध तुला खोकला आला. तो खोल होता. विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाज यायला उशीर व्हावा, तसा. तो संपेपर्यंत माय उभीच राहिली. नेमके त्याच वेळी बाबा बाजारातून आले आणि दारात थबकले. त्यांनी मान किंचित कलती केली. डोळे मिटले. ते ऐकत होते.

तो कान मी ओळखत होते. तो माणसांसाठी नव्हता.

आठवतो ना तुला बाबांचा कान? कापसाच्या दिवसांत आपण दोघी त्यांच्यामागे बाजारात जायचो. कापसाने भरलेल्या बैलबंड्यांची रांग लागलेली असायची. बाबा बंडीत कोपरापर्यंत हात खुपसून तळातली मूठ बाहेर काढायचे, कानाशी नेऊन दाबायचे, सोडायचे. कोरडा कापूस करकरतो, ओला गप्प बसतो. मग एक सरकी दाताखाली. 'कट्' झाले तर माल कोरडा. नुसतीच दबली तर ओला. शेतकरी दरासाठी घसे फोडत असत आणि बाबा डोळे मिटून मूठ ऐकत असत. त्यांनी एकदा सांगितले की सांगितले. अमडापूरपासून आलेली माणसेही त्या कानाशी वाद घालत नसत.

बाबा ओसरीवर बसले. तुझा पंजा त्यांनी आपल्या मुठीत घेतला, दाबला, आणि हळूच सोडला.

"कवापासून?"

"श्रावनापासून. डाक्तर म्हनते, छातीत ओल आहे. कोरड्या हवेत जा म्हनते."

"सांजच्याला ताप येते?"

तू मान हलवलीस.

"तं मंग." बाबांच्या चेहऱ्यावरची काळजी माझ्या डोळ्यांदेखत विरघळली. "ओल्या कापसाची गंजी वरून पांढरीशिप्पट दिसते. आत हात घातला की चटका बसते. ओल राह्यली की आतून तापते ते, अन् मंग पिवळी पडते. ओल काढा लागते, बाकी काही नाही."

आणि वच्छे, आम्हां सगळ्यांना हायसे वाटले. आजही मला त्या सुटकेच्या श्वासाचे भय वाटते. डॉक्टरने सांगितले तेव्हा तो आजार होता. बाबांनी सांगितले तेव्हा तो कापूस झाला, आणि कापसात बाबा कधी चुकत नसत. साऱ्या मलकापुरात अशी चूक दुसऱ्या कोणत्याही घराने केली नसती, आणि आमच्या घरात ती टळण्याचा संभवच नव्हता. ज्या मुठीने आपल्याला जन्मभर पोसले, तिच्यावर संशय घ्यायचा कसा?

दिवाळीच्या पणत्या विझण्याआधी सगळे ठरलेही. ज्या मारवाडी सेठला बाबा कापूस देत, त्याच्याच मुंबईच्या पेढीवर तुझे माधवराव कारकुनी करीत. सेठचे मूळ घर बिकानेरला. तिथल्या कारभाराला विश्वासाचा माणूस हवा होता. बाबांनी शब्द टाकला आणि सेठने तो झेलला. बाबांना बिकानेरचे वर्णन ऐकून जो आनंद झाला, तो मी विसरू शकत नाही. पाऊस जवळजवळ नाहीच. नदी नाही. नजर जाईल तिथवर वाळू. त्यांनी ते असे ऐकले, जसे कोणी तीर्थाचे माहात्म्य ऐकावे.

"दोन उन्हाळे," ते म्हणाले. "दोन उन्हाळे खाल्ले की पोरगी खनखनीत."

त्या रात्रीच्या पंगतीत माय प्रथम बोलली. तिने भाकरी बाबांच्या ताटात वाढली नाही, टाकली.

"कोरडी हवा इथं नाही काय? मलकापूरले काय समुद्र लागून राह्यला? ठेवून घ्या तिले."

"इथं नळगंगेचा चिखल आहे चार महिने. अन् जावयाची नोकरी तिकडे अन् हे इकडे? लग्न झालेली पोरगी नवऱ्याले सोडून माहेरी बसली, तं लोक काय म्हनतीन?"

"लोकाईचं काय, ते मेल्यावर बी बोलतेत."

तू नेहमीसारखी पुढे सरसावलीस. "पन बाबा, चैतातल्या कापसाची रुई तुटते. तुमीच सांगतलं होतं. जिनातले लोक पानी शिपडतेत तेच्यावर. मले कोन शिपडीन?"

तू हसत होतीस. बाबा हसले नाहीत. तू मालाविषयी प्रश्न विचारला होतास आणि त्यांनी त्याचे मालाविषयीच उत्तर दिले.

"तुटते," ते म्हणाले, "पन सडत नाही."

घर मोडायला मी तुझ्यासोबत मुंबईला आले. गिरगावातल्या तुझ्या दोन खोल्यांच्या भिंती घामेजल्या होत्या. हात लावला की बोटांना चुना यायचा. निखाऱ्यांवर कपडे वाळवायची वेताची पालथी टोपली तू शेजारणीला दिलीस. मेणकापड दिलेस, लाकडी खडावा दिल्यास. छत्री हातात घेऊन बराच वेळ उभी राहिलीस आणि मग ती माझ्या काखेत दिलीस. "तूच ठेव. तिथले लोक इचारतीन, हे काय आहे म्हनून."

शेवटच्या संध्याकाळी तू मला समुद्रावर नेलेस. मी इतकी वर्षे शब्दांनी समुद्र रचत आले होते. तो समोर आला तेव्हा मला त्याचा पहिल्यांदा आवाज नाही, ओलावा जाणवला: ओठांवर, पापण्यांवर, केसांच्या मुळांत. जणू कोणी अदृश्य हात चेहरा चाचपून ओळख पटवत होता.

"कर आता कविता," तू म्हणालीस.

"सुचत नाही."

"बरं झालं. त्याले बी जरा आराम."

निघायच्या सकाळी तू न्हालीस. कार्तिकाचा गारवा होता, तुझी छाती अशी, मी पंचा घेऊन मागे धावले. तू तो माझ्या हातातून काढून बांधाबांधीत टाकलास. ओलेच केस पिळून तू अंबाडा घातलास. मानेवरून पाणी ओघळत होते, चोळीची पाठ भिजली होती. "नाही वाळवत, अक्का," तू म्हणालीस. "पुढं तेच तं करायचं आहे." माधवरावांनी सामान चढवले, गाडी उत्तरेकडे निघाली, आणि तुझ्या मानेवरचे ते चमकते ओले टोक मला डबा वळेपर्यंत दिसत राहिले. माझे डोळे भरून आले नाहीत. मला थंडी वाजली.

मग पहिला उन्हाळा आला आणि गेला, आणि तुझा खोकला थांबल्याची बातमी आली.

बाबांनी ते पत्र ओसरीवर मोठ्याने वाचले, मग बाजारात नेऊन वाचले. येईल त्याच्या हातावर साखर ठेवली. "काढली का नाही ओल?" असे ते बंडीवाल्यांना विचारीत, आणि बंडीवाले कौतुकाने माना डोलवीत. त्यांचा आनंद इतका निर्मळ होता की त्याच्याकडे पाहवत नसे. माय चुलीपुढे बसून होती. तिने तिच्या वाट्याची साखरेची चिमूट तळहातावर तशीच ठेवली. घामाने तिचे पाणी झाले. "वाळली म्हंजे बरी झाली," ती ज्वाळेला म्हणाली, "असं कोनं सांगतलं यायले?"

मी ते पत्र पुन्हा पुन्हा वाचले. तुझ्या पत्रात थट्टा नसे असे कधी झाले नव्हते. या पत्रात नव्हती. तुझे हसणे आणि तुझा खोकला एकाच विहिरीतून यायचे, वच्छे. मला वाटले, विहीरच आटली.

माघात सेठच्या घरची मंडळी गावी निघाली, तेव्हा मी त्यांच्यासोबत तुझ्याकडे आले. गाडीच्या खिडकीतून आधी झाडे गेली, मग झुडपे, मग हिरवा रंगच गेला. बिकानेरचे घर तांबड्या दगडाचे होते, सुंदर होते, दगडात कोरलेली वेलबुट्टी इतकी नाजूक की बोट लावावेसे वाटे. आणि त्या साऱ्या पानाफुलांना वास नव्हता. तू दार उघडलेस. मी तुला मिठी मारली आणि तुझ्या केसांत नाक खुपसले, लहानपणापासूनची माझी खोड. तिथेही वास नव्हता. घामाचा नाही, तेलाचा नाही, तुझा नाही. आत तुझी ती ट्रंक होती. मी ती उघडली. लुगडी करकरीत, निर्मळ, गंधहीन. झाकणाचे लाकूड उभे चिरले होते.

"पोळपाट बी चिरला," तू म्हणालीस. "कनीक मळता मळता कडेनं वाळते. इथं सारंच लवकर होते." तुझा आवाज पातळ झाला होता, चाळणीतून गाळल्यासारखा. पण थट्टा जित्ती होती अजून, ते पाहून मला रडू कोसळले.

"रडू नको वं बाई," तू म्हणालीस, "इथं पानी वाया घालवत नाहीत."

आणि खरेच घालवत नव्हते. उंटाच्या पाठीवरून कातडी पखालीत पाणी यायचे. तू मला खाटेवर बसवून आंघोळ घातलीस. खाली परात ठेवली होती, त्यात पडलेल्या पाण्याने तू कपडे धुतलेस, आणि कपड्यांचे पाणी गाईच्या पुढ्यात गेले. शेजारीण म्हणे तुला सांगे की तूप सांडले तर सांडू दे, पाणी सांडले तर मात्र जीव जळतो. संध्याकाळी दिवा लावण्याआधी मी तुझे केस विंचरले. फणीखाली बारीक ठिणग्या उडाल्या, चर्र चर्र आवाज झाला, आणि केस आपोआप उठून माझ्या हाताकडे आले, जणू त्यांना काही मागायचे होते. मी फणी खाली ठेवली. तुझी बोटे हातात घेतली, तर ती कागदासारखी वाजली.

तेव्हा तू सांगितलेस.

"मले घरी येऊ दे, अक्का. उन्हाळ्याच्या आंधी. एक मी काढला. दुसरा नाही निंघत माह्याच्यानं."

"तं चाल. सेठच्या घरचे लोक परत निंघतीन, तेच्यासंगं जाऊ. माधवरावाले मी सांगतो."

"ते तं हो म्हनतीन. ते रोजच म्हनतेत." तू हात सोडवून घेतलास. "पन बाबानं बोलावलं पाह्यजे."

मी चिडले. आपले शेवटचे भांडण ते, आणि ते अजून संपलेले नाही, म्हणून पुन्हा मांडते. मी म्हटले, बोलावणे काय करायचे आहे, घर आपले आहे. तू म्हणालीस, घर बाबांचे आहे. आपण त्यात जन्मलो एवढेच. मी म्हटले, तू कापूस नाहीस. तू म्हणालीस, मग बाबांनी तसे म्हणावे. "मी इचारल्याबिगर आले, तं पळून आलेली. त्यानं बोलावलं, तं माहेरी आलेली. मले मराचं भेव नाही वाटत, अक्का. मले दारात उभं राहाचं भेव वाटते. अन् ते आतून पाहतीन, अन् काहीच नाही बोलतीन, त्याचं."

मला तेव्हा तो नुसता हट्ट वाटला. एका बोलावण्यासाठी प्राण पणाला लावणारी माझी बहीण मला दुष्ट वाटली. वच्छे, अजूनही मला तुझे म्हणणे पटत नाही. पण मी या घरात कशी परतले होते, ते मला त्या रात्री आठवत राहिले. माझे कुंकू पुसले तेव्हा बाबांनी बंडी पाठवली आणि मी आले. कोणी विचारले नाही, किती दिवस. नवरा मेलेल्या मुलीला माहेरचे दार उघडे असते. नवरा जिवंत असलेल्या आजारी मुलीला ते ठोठावावे लागते. तू तेव्हा परकरात होतीस. आत्यांनी माझे ताट वेगळे मांडले, आणि तू आपले ताट उचलून माझ्याशेजारी येऊन बसलीस, माझ्या ताटातल्या वरणात हात घातलास, आणि जोरात म्हणालीस, "अक्काच्या ताटातलं वरन जास्त गोड आहे." त्यानंतर या घरात माझे ताट कोणी वेगळे मांडले नाही. एवढ्याशा मुलीने एका घासात जे केले, ते मला तुझ्यासाठी तार येईपर्यंत करता आले नाही.

परत येताच मी बाबांना सांगितले. पायाशी बसून सांगितले. तुझे केस, तुझा आवाज, चिरलेला पोळपाट, सगळे. त्यांनी मान कलती करून ऐकले.

"खोकला आला काय तिले, तू होती तोवर?"

"नाही. पन बाबा..."

"ताप?"

"थोडा. सांजच्याला."

"मंग ओल राह्यली थोडी." ते उठले. "अर्धी वाळलेली गंजी झाकून ठेवली, तं पैल्यापेक्षा जास्त सडते. एकच उन्हाळा राह्यला. त्याच्यानंतर मीच जातो आनाले."

होळीला मी पुन्हा विचारले. पाडव्याला मायने विचारले. तिने आयुष्यात प्रथमच त्यांच्यापुढे पदर पसरला. बाबा रागावले नाहीत, वच्छे. रागावले असते तर बरे होते. ते आम्हाला समजावीत राहिले, मऊ आवाजात, नडलेल्या शेतकऱ्याला समजावावे तसे, की घाई केली तर नुकसान आपलेच. त्यांना तू बरी होऊन हवी होतीस. त्यात खोट नव्हती. मला तेच सर्वांत भयाण वाटते, की त्यात कुठेही खोट नव्हती.

वैशाख लागला. इथेही विहिरींचा तळ दिसू लागला. दुपारी गरम वारा सुटला की मी खिडक्या लावून घ्यायचे आणि मला वाटायचे, हा तुझ्याकडून निघालेला वारा आहे; तुझ्या दारावरून, तुझ्या ओठांवरून आला आहे; येताना त्याने तिथून काय उचलून आणले असेल? अंगणात वाळत घातलेल्या कुरडया माय तिन्हीसांजेला गोळा करायची आणि एखादी हातात कट् करून मोडली, की तिथेच थांबायची. आम्ही एकमेकींकडे बघत नसू.

ज्येष्ठात तार आली.

काल संध्याकाळी माधवराव आले. दाढी वाढलेली, ओठ फुटलेले, त्या देशाची वाळू अजून त्यांच्या कानांच्या पाळ्यांत होती. खांद्याला एक लहानशी पांढरी पिशवी. त्यात तू होतीस. त्यांना नाशिकला जायचे होते, गोदावरीत तुझ्या अस्थी सोडायला. पण वाट वाकडी करून ते आधी इथे आले. ते उंबऱ्यापाशी येऊन थांबले. रीत त्यांनाही ठाऊक होती आणि आम्हालाही: अस्थी घरात घेत नाहीत. बाबांनी ओसरीवरून नुसता हात केला, अंगणातल्या लिंबाकडे. माधवरावांनी पिशवी लिंबाच्या खालच्या फांदीला बांधली, पाय धुतले आणि रिकाम्या खांद्याने आत आले.

त्यांनी गूळपाणी घेतले. मग कोणी न विचारता म्हणाले, "खोकला शेवटपर्यंत आला नाही तिला. डॉक्टरांनाही नवल वाटले. शेवटी शेवटी एवढेच विचारायची, मलकापूरहून काही आले का."

बाबा भिंतीकडे तोंड करून बसले होते. त्यांची पाठ हलली नाही.

अंगण मावळत्या उजेडात तांबडे झाले होते. तो लाल रंग मी तुझ्या गावी पाहिला होता. मला वाटले, ते गाव इथवर आले. वारा सुटला. ती पिशवी हलू लागली, फांदीला लागू लागली. मोठा आवाज नव्हता. कोणीतरी बोटाच्या पेराने दार वाजवावे आणि ऐकू न गेल्यास हरकत नाही असे वाटून थांबावे, मग पुन्हा वाजवावे, तसा. तू इतकी हलकी झाली होतीस की जरासा झोतही तुला उचलत होता. माय दिवा लावून बाहेर आली, तिने तो आवाज ऐकला आणि ती दिवा हातात धरून तशीच उभी राहिली. कोणी शुभं करोति म्हटले नाही.

तुला ज्याचे भय वाटत होते, तेच झाले होते. तू दारात होतीस. ते आत होते, आणि काही बोलत नव्हते.

मी बाबांच्या पुढ्यात जाऊन बसले. त्यांच्याकडे पाहिले, आणि मला प्रथमच कळले की ते म्हातारे झाले आहेत. त्यांचे हात मांडीवर उताणे पडले होते, मुठी उघड्या. जन्मभर जो हात कोपरापर्यंत आत जाऊन तळ शोधत आला, तो आता पोकळीत काहीतरी चाचपत होता.

"बाबा," मी म्हटले, "वच्छी बोलावन्याची वाट पाहून राह्यली होती. तुमच्या. दुसऱ्या कोनाच्या नाही."

त्यांची बोटे एकदा मिटली आणि पुन्हा उघडली.

"उद्या सकाळच्या गाडीनं ते जाईन. मंग कधीच नाही येनार."

आत्या आतून काहीतरी पुटपुटल्या, घर बाटेल, पिढ्यांत कोणी असे केले नाही. मायने मान न वळवता म्हटले, "घरात आता बाटाचं काय राह्यलं, वन्सं?" माधवरावांनी मान खाली घातली. बाहेर तो आवाज चालूच होता.

मी उठले नाही. त्यांनी नाही म्हटले असते, तर रात्रभर त्या लिंबाखाली बसायचे मी ठरवले होते, एवढे तुला ठाऊक असावे. मी त्यांचा एक हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. तो थंड होता, आणि वच्छे, तो ओला होता.

"बाबा. वच्छीले घरात आनू?"

त्यांनी भिंतीवरून नजर काढली. दाराकडे पाहिले, दाराबाहेर पाहिले, फांदीकडे पाहिले. मग ज्या आवाजासाठी तू दोन उन्हाळे कान लावून बसली होतीस, त्या आवाजात ते म्हणाले,

"आन."